कोळशाची कंपनी शेअर बाजारात येते तेव्हा: शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या टेबलावरचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. फाउंड्री, कंपनी आणि तिचे आकडे कल्पित आहेत. नियम, तारखा आणि गणितातले गुणांक मात्र खरे आहेत. प्रत्यक्षातल्या कुठल्याही माहितीपत्रकावर हीच रीत लावता येईल.

दोन कागद

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक घरची फाउंड्री. महिन्याला ३०० टन चांगलं कास्टिंग, एक क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणारी भट्टी, माल जातो ट्रॅक्टर आणि ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना. एकाच आठवड्यात या घरात दोन कागद आले.

पहिला कागद गिऱ्हाईक कंपनीचा होता. त्यात वर्षभरात किती कोक जाळला, वीज किती युनिट लागली, डिझेल किती, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड किती टन निघाला, असे प्रश्न होते. उत्तरासाठी मुदत पंधरा दिवसांची.

दुसरा कागद राजारामपुरीतल्या शेअर दलालाने पाठवला. एका कोळसा कंपनीने आयपीओसाठी (लोकांना पहिल्यांदा शेअर विकण्यासाठी) मसुदा माहितीपत्रक, म्हणजे डीआरएचपी, सेबी या बाजार नियामकाकडे दाखल केलं होतं. जमीन विकून आलेले चाळीस लाख बँकेत पडून होते. त्यातले दहा लाखांपर्यंत या इश्यूत घालावेत, असा दलालाचा सल्ला होता. मसुदा पाचशेच्या वर पानांचा.

धाकट्या भावाने तो उघडला आणि गिऱ्हाइकाने आपल्याला विचारलेला आकडा त्यात शोधला. सापडला नाही. थोरल्याचं म्हणणं थोडक्यात होतं: "आमच्याकडनं कोकचा किलोकिलोचा हिशोब मागत्यात, आन् खाणवाल्याला कोण इचारत न्हाई व्हय?"

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर नियमांच्या रचनेत आहे.

नियम कुठे सुरू होतो

भारतात शेअर बाजारात येणाऱ्या कंपनीने काय छापायचं हे सेबीच्या २०१८ च्या आयसीडीआर नियमावलीत लिहिलेलं आहे. जोखीम घटक, इश्यूचा उद्देश, उद्योगाचं चित्र, फेरमांडणी केलेले हिशोब, खटले, परवाने ही सगळी प्रकरणं तिच्या सहाव्या परिशिष्टात ठरवून दिली आहेत. कोळसा, तेल किंवा वायूच्या कंपनीने हवामानाबद्दल अमुक आकडे दिलेच पाहिजेत, असं वेगळं प्रकरण त्यात नाही.

हवामानाचे आकडे मागणारी चौकट आहे ती बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल, आणि ती लिस्टिंग झाल्यावर, म्हणजे कंपनी बाजारात नोंदल्यावर, लागू होते. सेबीने ती १० मे २०२१ च्या परिपत्रकाने आणली आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीची केली. १२ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने त्यातल्या गाभ्याच्या आकड्यांना, म्हणजे बीआरएसआर कोअरला, तिऱ्हाइताची तपासणी जोडली: २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ मध्ये सगळ्या हजार. क्रमवारी आता जुलै ते डिसेंबरच्या सरासरी बाजारमूल्यावर ठरते. त्यामुळे जानेवारीत बाजारात आलेली कंपनी यादीत शिरून तिचा पहिला अहवाल हातात पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. पैसे मात्र अर्जाच्या दिवशीच अडकतात.

फाउंड्रीकडे आलेला कागद याच चौकटीचं शेपूट आहे. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, अशी तरतूद आहे. मार्च २०२५ मध्ये ती सौम्य झाली. २०२५-२६ पासून ती ऐच्छिक आहे, आणि पुरवठादार मोजायचा तो एकूण खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा असलेला. महिन्याला ३०० टन देणारी फाउंड्री मोठ्या गाडी कंपनीच्या खरेदीत त्या २ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. पण खरेदी विभाग गाळणी लावत बसत नाही, तोच फॉर्म सगळ्यांना पाठवतो. नियम विचारत नाही तिथेही फॉर्म विचारतो, आणि भरला नाही तर पुढच्या ऑर्डरीच्या वेळी विषय निघतो.

घरचा आकडा आधी

माहितीपत्रक वाचण्याआधी गिऱ्हाइकाचा फॉर्म भरून टाकला, हे बरं झालं. पद्धत हाताखालून गेली.

३०० टन चांगल्या कास्टिंगसाठी ६५ टक्के यील्ड (वितळलेल्या धातूतून निघणारा चांगला माल) धरली तर सुमारे ४६० टन धातू वितळतो. कोक आणि धातूचं प्रमाण १:८ धरलं तर कोक ५८ टन. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत कोकचं उष्मांकमूल्य टनाला २८.२ गिगाज्यूल आणि उत्सर्जन गिगाज्यूलला १०७ किलो दिलं आहे, म्हणजे एक टन कोकला ३.०२ टन कार्बन डायऑक्साइड. महिन्याला साधारण १७५ टन, वर्षाला २,१०० टन.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कोकचं वजन खरेदीच्या बिलावरून घेणं. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या कोकमध्ये पाणी असतं आणि बारीक चुरा चाळून बाजूला काढला जातो. क्युपोलात चार्ज केलेलं वजन वेगळं असतं, ते चार्जिंगच्या वहीतून घ्यावं. दुसरी चूक विजेची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रीड गुणांक, म्हणजे विजेच्या युनिटमागचं उत्सर्जन, दरवर्षी बदलतो. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो होता. इंटरनेटवर सापडलेला एखादा जुना आकडा लावला की गिऱ्हाइकाच्या तपासनिसाकडून फॉर्म परत येतो.

माहितीपत्रकातून आकडा कसा काढला

कंपनीबद्दल मसुद्यात सापडलं ते इतकं: वर्षाला ४ कोटी टन कोळसा, त्यातला ३ कोटी ६० लाख टन खुल्या खाणींतून आणि ४० लाख टन भूमिगत. प्रत मुख्यतः जी-११. काढता येण्याजोगा साठा ८० कोटी टन. करपूर्व नफा १,२०० कोटी रुपये. पहिल्या दहा गिऱ्हाइकांत जवळजवळ सगळी औष्णिक वीज केंद्रं. मूळ कंपनी आधीच लिस्टेड, आणि इश्यू पूर्णपणे तिच्याकडचे शेअर विकण्याचा.

सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात सोपा निघाला. जी-११ म्हणजे किलोला ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी. मधला ४,१५० घेतला तर टनाला १७.४ गिगाज्यूल. हे एकूण उष्मांकमूल्य झालं. उत्सर्जनाचा गुणांक निव्वळ मूल्यावर असतो, म्हणून ५ टक्के वजा केले: १६.५. उपबिट्युमिनस कोळशाचा आयपीसीसी गुणांक गिगाज्यूलला ९६.१ किलो. गुणाकार १.५९ टन. ४ कोटी टनांना ६ कोटी ३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड. एकूण आणि निव्वळ यांतला फरक विसरला तर आकडा ५ टक्क्यांनी फुगतो, आणि कंपनीच्या माणसाला तुमचं सगळंच गणित फेटाळायला तेवढं कारण पुरतं.

आता खाणीतलं स्वतःचं उत्सर्जन. डिझेल लीटरला २.६८ किलो. नफातोट्यातल्या डिझेल खर्चाला त्या वर्षीच्या सरासरी दराने भागलं की लीटर मिळतात: इथे ५ कोटी, म्हणजे १ लाख ३४ हजार टन. वीज ६० कोटी युनिट, म्हणजे ४ लाख ३६ हजार टन.

मिथेनला, म्हणजे कोळशातून सुटणाऱ्या वायूला, जास्त वेळ लागला आणि तो द्यायलाच हवा होता. खुल्या खाणीसाठी आयपीसीसीचा सरासरी गुणांक टनाला १.२ घनमीटर, कोळसा काढल्यानंतर सुटणारा आणखी ०.१. घनमीटरला ०.६७ किलो आणि मिथेनचा शंभर वर्षांचा तापनगुणांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तो तापवतो) २८ धरला तर टनाला २४.४ किलो कार्बन डायऑक्साइड तुल्य, एकूण ८ लाख ७८ हजार टन. भूमिगत खाणींना आयपीसीसीचा सरसकट १८ घनमीटरचा गुणांक भारतात लावू नये. २०१७ च्या कोळसा खाण नियमांत खाणींच्या तीन श्रेणी आहेत. टनाला १ घनमीटरपर्यंत वायू सुटतो ती पहिली, १ ते १० दुसरी, १० च्या वर तिसरी. ही श्रेणी परवान्यांच्या किंवा सुरक्षेच्या परिच्छेदात मिळते. इथल्या खाणी दुसऱ्या श्रेणीतल्या होत्या. त्यांना ३ घनमीटर धरलं तर २ लाख २५ हजार टन.

स्कोप १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या कामातून थेट सुटणाऱ्या उत्सर्जनात, डिझेल आणि मिथेन मिळून १२ लाख ३७ हजार टन, स्कोप २ मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या ऊर्जेत, वीज ४ लाख ३६ हजार. बेरीज पावणेसतरा लाख टनांच्या आसपास. विकलेला कोळसा जळून निघणारे ६३६ लाख टन मोजायचे ते स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादार आणि गिऱ्हाइकांकडे होणाऱ्या उत्सर्जनात, विकलेल्या मालाच्या वापराच्या सदरात. म्हणजे ३८ पट.

बीआरएसआरमध्ये स्कोप १ आणि स्कोप २ सक्तीचे आहेत. स्कोप ३ नेतृत्व निर्देशकांच्या यादीत आहे, म्हणजे द्यायचा तर द्या. गाडी कंपनीसाठी किंवा कापड गिरणीसाठी ही विभागणी ठीक आहे, कारण स्कोप ३ मोजणं खरंच किचकट असतं. हजार पुरवठादार, दहा देश. कोळशाच्या कंपनीत ते उलटं आहे. स्कोप ३ हा तिचा सगळ्यात सोपा आकडा आहे: टन गुणिले प्रत गुणिले गुणांक. प्रत तर बिलावरच छापलेली असते, कारण तिच्यावरच दर ठरतो. कठीण आहे तो मिथेन, आणि तो नेमका सक्तीच्या भागात येतो. "स्कोप ३ ची पद्धत अजून विकसित होत आहे" हे वाक्य कोळसा कंपनीच्या अहवालात दिसलं तर ते दुसऱ्या उद्योगाकडून उसनं घेतलेलं आहे, असं खुशाल समजावं.

आकडा दिला तरी कुठे घसरतो

पुढे कधी या कंपनीचा बीआरएसआर आला तर तीन ठिकाणी बोट ठेवायचं, असं भावांनी तेव्हाच कागदावर लिहून ठेवलं.

पहिलं कंत्राटदाराचं डिझेल. माती उचलण्याचं आणि कोळसा वाहण्याचं काम बहुतेक खुल्या खाणींत कंत्राटावर असतं. डंपर कंत्राटदाराचे, डिझेल त्याचं, मग ते कंपनीच्या स्कोप १ मध्ये धरायचं की नाही हे हद्द कशी आखली त्यावर ठरतं. इथे कंत्राटदारांचं डिझेल ८ कोटी लीटर होतं, म्हणजे २ लाख १४ हजार टन, कंपनीच्या स्वतःच्या डिझेलपेक्षा जास्त. काम बाहेर दिलं की एक लीटर न वाचवता स्कोप १ खाली येतो.

दुसरं तीव्रता. बीआरएसआर उत्सर्जन रुपयाच्या उलाढालीमागे मागतो. कोळशाचा दर १५ टक्क्यांनी वाढला आणि बाकी काहीच बदललं नाही, तरी ही तीव्रता १३ टक्क्यांनी घटलेली दिसते. त्याच तक्त्यात उत्पादनामागची तीव्रताही असते. टनामागचा आकडा तेवढा बघावा, रुपयामागचा सोडून द्यावा.

तिसरं मिथेन. वायूंनुसार विभागणी "उपलब्ध असल्यास" द्यायची आहे. ती नसेल आणि स्कोप १ डिझेलच्या हिशोबाशी तंतोतंत जुळत असेल, तर मिथेन धरलेलाच नाही. इथे तसं झालं असतं तर स्कोप १ बारा लाखांवरून सव्वा लाखावर आला असता.

पानं कोणती वाचायची

माहितीपत्रकात हवामानाचं प्रकरण नाही याचा अर्थ हवामान नाही असा होत नाही. ते पाच-सहा ठिकाणी विखुरलेलं असतं आणि त्या जागा एकमेकींशी ताडून बघाव्या लागतात.

जोखीम घटकांपासून सुरुवात. इथे आयसीडीआरचे दोन नियम उपयोगी पडतात आणि सामान्य वाचकाला ते क्वचितच माहीत असतात. जोखमी महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने छापायच्या असतात, आणि प्रत्येक मोठ्या जोखमीचा आर्थिक परिणाम आकड्यात सांगायचा, सांगता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. या मसुद्यात हवामानाचा परिच्छेद पन्नासाव्या जोखमीनंतर होता, त्यात आकडा नव्हता आणि आकडा देता येत नाही असंही लिहिलेलं नव्हतं.

शिवाय त्या परिच्छेदातला बहुतेक मजकूर अतिवृष्टीने खाणीत पाणी भरण्याबद्दल होता. ही जोखीम खरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा माल आत-बाहेर होणं कसं थांबतं हे या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याने पाहिलं आहे. २०२१ ला पुन्हा पाहिलं. पण पुराने एखादी तिमाही जाते. वीज केंद्रांनी कोळसा कमी उचलायला सुरुवात केली तर धंदाच जातो. पहिलीवर अर्धं पान आणि दुसरीवर दोन ओळी, हा तोल बघूनच मसुदा कोणत्या हाताने लिहिला आहे ते कळतं.

नंतर उद्योग अहवाल. तो कंपनीनेच पैसे देऊन करून घेतलेला असतो आणि तसं छापलेलंही असतं. यात गैर काही नाही. बघायचं ते शेवटचं वर्ष. अंदाज २०३५ पर्यंत, मागणी वाढतीच, परिस्थिती एकच. साठा मात्र ८० कोटी भागिले ४ कोटी, म्हणजे २० वर्षांचा. गुंतवणूकदार ज्या साठ्याचे पैसे मोजतो त्यातल्या निम्म्यावर अंदाज गप्प आहे. सौदी अरामको २०१९ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या माहितीपत्रकात सल्लागाराचा असा अंदाज छापला होता की तेलाच्या मागणीची वाढ २०३५ च्या सुमारास थांबेल. तेवढं छापूनही इश्यू भरला, शेअर ३२ रियालने गेला आणि सुमारे २,५६० कोटी डॉलर उभे राहिले. खरं छापलं की गिऱ्हाईक पळतं, हा धाक निदान तिथे तरी खोटा ठरला.

खाण बंद करण्याची तरतूद हिशोबांच्या टिपांमध्ये असते, आणि हवामानाच्या जोखमीचा रुपयांतला आकडा काढायला माहितीपत्रकात याहून चांगली जागा नाही. खाण संपल्यावर जमीन भरून पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीला आजच्या मूल्यात दाखवावा लागतो. समजा तो १,५०० कोटी आहे. २० वर्षांनी करायचा असेल आणि सूट दर (पुढचा खर्च आजच्या मूल्यात आणायचा वार्षिक दर) ८ टक्के असेल तर आज ३२२ कोटी. तीच खाण मागणीअभावी १० वर्षांनी बंद करावी लागली तर ६९५ कोटी. फरक ३७३ कोटी, या कंपनीच्या करपूर्व नफ्याच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ. टिपेत तीन गोष्टी शोधायच्या: बंद होण्याचं गृहीत वर्ष, सूट दर, आणि एस्क्रो खात्यात, म्हणजे या खर्चासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, आजवर प्रत्यक्ष किती भरले. इथे सूट दर होता, एस्क्रोची रक्कम होती, वर्ष नव्हतं.

इश्यूचा उद्देश एका ओळीत संपतो. सगळे शेअर विक्रीचे असतील तर कंपनीला एक रुपया मिळत नाही. २०१० च्या कोल इंडिया इश्यूतही तसंच होतं. २४५ रुपयांच्या भावाने सरकारने १० टक्के हिस्सा विकला आणि १५ हजार कोटींच्या वर रक्कम सरकारकडे गेली. मग माहितीपत्रकात सौर प्रकल्पांची रंगीत चित्रं असली तरी ती या पैशातून होणार नाहीत.

इंधन पुरवठा करारांत करार संपण्याचं वर्ष आणि कमी उचल झाल्यास भरपाईचं कलम बघावं. खटल्यांच्या प्रकरणात पर्यावरण मंजुरीपेक्षा जास्त उत्पादन केल्याच्या दंडाच्या नोटिसा असतात. त्या आकस्मिक देण्यांत धरल्या आहेत का, एवढंच ताडायचं.

कराची जोखीम: उदाहरण बाहेर शोधायला नको

"कार्बन कर आला तर" हा प्रश्न भारतात काल्पनिक नाही. कोल इंडियाचा इश्यू आला त्याच वर्षी, १ जुलै २०१० पासून, कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. सहा वर्षांत आठपट. जीएसटी आल्यावर तेच ४०० रुपये भरपाई उपकर म्हणून राहिले. जी-११ च्या १.५९ टनांनी भागलं तर कार्बन डायऑक्साइडच्या टनाला साधारण २५० रुपये पडत होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनाला १,५०० रुपयांच्या कोळशावर आधी ७५ अधिक ४०० मिळून ४७५ रुपये पडत, आता २७०. दोन्ही पद्धती सारख्या पडतात तो दर सुमारे ३,०७७ रुपये. त्याखालचा, म्हणजे हलक्या प्रतीचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महाग. धोरणाची जोखीम एकाच दिशेने जात नाही, आणि जोखीम घटकात ती एकाच दिशेने लिहिलेली असेल तर लिहिणाऱ्याने तक्ता मांडलेलाच नाही.

भावांनी तक्ता मांडला. उद्या पुन्हा टनाला ४०० रुपयांचा बोजा आला आणि त्यातला चौथा हिस्सा गिऱ्हाइकावर ढकलता आला नाही, तर ४ कोटी टनांवर वर्षाला ४०० कोटी. करपूर्व नफा १,२०० वरून ८००. बाजाराने नफ्याचा गुणक तोच धरला तरी शेअरच्या किमतीतला तिसरा हिस्सा गेला. हे भाकीत नाही. कंपनीने स्वतः छापायला हवी होती अशी एक ओळ आहे.

बाहेर काय चाललंय

आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानकं ठरवणाऱ्या आयएसएसबीच्या जून २०२३ च्या आयएफआरएस एस-२ मानकात स्कोप ३ आहे, पहिल्या वर्षीच्या सवलतीसह. सोबतच्या उद्योगवार मार्गदर्शनात कोळशासाठी दोन नेमके आकडे मागितले आहेत: कार्बनला किंमत लागली तर साठा किती घटतो, आणि सिद्ध साठ्यात किती कार्बन डायऑक्साइड दडलेला आहे. आपल्या कंपनीचा दुसरा आकडा ८० कोटी गुणिले १.५९, म्हणजे १२७ कोटी टन. हाँगकाँग बाजाराने १ जानेवारी २०२५ पासून स्कोप १ आणि २ सक्तीचे केले. अमेरिकेच्या बाजार नियामक एसईसीने ६ मार्च २०२४ ला नियम केला, स्कोप ३ आधीच गाळून. महिन्याभरात त्याला स्वतःच स्थगिती दिली, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयात त्याची बाजू मांडणंही सोडलं. परदेशात नियम कडक आहेत असं सरसकट म्हणणाऱ्याने हे शेवटचं उदाहरण लक्षात ठेवावं.

एकवीस दिवस

मसुदा दाखल झाल्यापासून किमान २१ दिवस तो लोकांच्या हरकतींसाठी खुला असतो. सेबी, शेअर बाजार आणि इश्यू हाताळणारा मर्चंट बँकर यांच्या संकेतस्थळांवर तो मिळतो. कंपनीला दोन कामकाजाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत जाहिरातही द्यावी लागते: एक इंग्रजी, एक हिंदी आणि नोंदणीकृत कार्यालय असेल तिथल्या भाषेतलं एक. कार्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर मराठी पेपरात काहीच येत नाही. म्हणून कोल्हापुरातल्या माणसाला बातमी कळते तेव्हा निम्मे दिवस गेलेले असतात. इथे नऊ दिवस उरले होते.

मुदत संपल्यावर आलेल्या हरकती आणि त्यानुसार केलेले बदल मर्चंट बँकरने सेबीला कळवायचे असतात. पत्र कचऱ्यात जाऊ शकत नाही ते यामुळे. पण "हवामानाचा विचार करावा" असं लिहिलं तर उत्तरही "विचार केला आहे" असंच येतं. प्रश्न पानाच्या क्रमांकासह आणि नियमावर बोट ठेवून विचारावा लागतो. पत्रात चारच प्रश्न होते. गेल्या तीन वर्षांत प्रतवार विकलेल्या कोळशाच्या ज्वलनातून किती उत्सर्जन झालं? मिथेन मोजलेला आहे की गुणांकाने काढलेला, आणि कंत्राटदाराचं डिझेल कोणत्या स्कोपमध्ये? खाण बंद करण्याच्या तरतुदीत बंद होण्याचं वर्ष कोणतं, आणि दहा वर्षं आधी बंद झाली तर तरतूद किती? हवामानाच्या जोखमीचा परिणाम आकड्यात द्यावा, नाहीतर देता येत नाही असं लिहावं.

चौथा प्रश्न सगळ्यात सभ्य दिसतो आणि तोच सगळ्यात अडचणीचा असतो. माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानासाठी कंपनी कायद्याच्या ३४ आणि ३५ व्या कलमांखाली फौजदारी आणि दिवाणी जबाबदारी येते. त्यामुळे वकील नवा आकडा आत येऊ देत नाहीत, पण नियमात मागितलेलं वाक्य टाळणंही त्यांना परवडत नाही.

इश्यू उघडण्यापूर्वी कंपनी निबंधकाकडे जाणाऱ्या सुधारित माहितीपत्रकात, म्हणजे आरएचपीत, दोन बदल आले. हवामानाची जोखीम पन्नासाच्या पुढून अठराव्या जागी आली आणि खाली ओळ पडली: याचा आर्थिक परिणाम संख्येत मांडता येत नाही. कंत्राटदाराचं डिझेल कंपनीच्या हिशोबात धरलेलं नाही, हेही लिहिलं गेलं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

अर्ज

दलालाने दहा लाखांचा अर्ज लहान बिगर-संस्थात्मक गटात, म्हणजे दोन लाखांच्या वरच्या अर्जांच्या गटात, सुचवला होता. त्या गटात एकदा लावलेली बोली मागे घेता येत नाही की कमीही करता येत नाही. दोन लाखांपर्यंतच्या किरकोळ गटात इश्यू बंद होईपर्यंत दोन्ही करता येतं. या एका फरकाने दहा लाखांचा विषय मिटला, हवामानापर्यंत जावंही लागलं नाही.

किरकोळ अर्ज करायचा का, यावर दोघांचं जमलं नाही. थोरल्याच्या मते खाण बंद होण्याचं वर्ष लपवणारी कंपनी भाव कितीही कमी असला तरी नको. धाकट्याच्या मते ६९५ कोटींची तरतूद आणि ४०० कोटींचा बोजा धरून जो भाव निघतो, त्याच्या खाली इश्यूचा किंमत पट्टा असेल तर एक लॉट (अर्जाचा किमान गठ्ठा) घ्यायला हरकत नाही, कारण जोखीम माहीत आहे आणि तिची किंमत लावली आहे. पट्टा त्या भावाच्या वर आला. धाकट्याने तरीही पहिल्या दिवशी एका लॉटची बोली लावून ठेवली आणि शेवटच्या दिवशी संस्थात्मक गट किती भरतोय ते दुपारपर्यंत पाहिलं. पैसे अडकवण्याची यूपीआयची मंजुरी संध्याकाळी पाचच्या आत द्यायची असते. ती त्याने दिली नाही.

गिऱ्हाइकाचा फॉर्म मात्र मुदतीत गेला. त्यात स्कोप ३ चा रकानाही होता, ऐच्छिक. फाउंड्रीने कोक बनवताना होणाऱ्या उत्सर्जनाचा आकडा पुरवठादाराकडे मागितला, तेव्हा त्याने बिलावरचं वजन पाठवलं.